लोडशेडिंग आणि स्कॅनडिस्क

घरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या आठवणी निघाल्या की डायल-अपमुळे, म्हणजे फोनलाइनवरून चालणाऱ्या इंटरनेटमुळे, फोन तासन्‌तास एंगेज लागायचा, असं कुणीतरी सांगतंच. आमच्याकडे खरा तमाशा लोडशेडिंगचा. लाइट गेली की विंडोज ९८ धाडकन बंद. परत आली की निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क (डिस्क तपासणारा प्रोग्रॅम) आणि इंग्रजीत कानउघाडणी : विंडोज नीट बंद केलं नव्हतं, यापुढे स्टार्ट मेनूतून शट डाउन करत जा. बाबांचा इंग्रजी सूचनांवर गाढ विश्वास. "बघ, मशीनच सांगतंय!" लाइट जाणार हे मला आधी कसं कळणार, म्हटलं तर म्हणे, "वेळापत्रक पेपरात छापून येतं की!"

आईचं वेगळंच. दसऱ्याला सीपीयूला हळदकुंकू, कीबोर्डवर झेंडू. स्पेसबारखालून पाकळ्या दिवाळीपर्यंत निघत होत्या.