मदत हवी आहे : अँटेना ॲरेत ६ गिगाहर्ट्झला ४५ अंशांवर उलट बाजूला दुसरा लोब

होटगी_रोड : एम.टेक.चा प्रोजेक्ट. ८ एलिमेंटचा ॲरे, म्हणजे ओळीत आठ छोटे बो-टायच्या आकाराचे अँटेना, ४ ते ६ गिगाहर्ट्झ, एलिमेंटना वेगवेगळी फेज देऊन बीम दोन्हीकडे ६० अंशांपर्यंत फिरवायचाय. बो-टायच्या बाजूच्या पट्ट्या पिन डायोडने जोडल्या-तोडल्या की प्रत्येक एलिमेंटचा पॅटर्न डावी-उजवीकडे कलतो. ४ला सगळं छान. ६ला बीम ४५ अंशांवर नेला की उलट बाजूला भलामोठा लोब, म्हणजे नको तिकडे दुसरा बीम. डायोड बदलून झाले, तेच. सोमवारी गाइडना दाखवायचंय, लवकर सांगा.

तरंगलांबी : दोन एलिमेंटमधलं अंतर किती? बोर्ड कुठला? हे सिम्युलेशनमध्ये की मोजून?

विवाल्डीवाला : बो-टाय सोडा, विवाल्डी (कर्ण्यासारखा उघडत जाणारा अँटेना) घ्या. मी वापरलाय, बँडविड्थची चिंताच राहत नाही.

तरंगलांबी : अंतर चुकलं असेल तर विवाल्डीलाही हाच लोब येणार. आणि विवाल्डी बोर्डाला काटकोनात उभा राहतो, यांना सपाट हवा असेल तर?

विवाल्डीवाला : सपाट हवा असं कुठे लिहिलंय?

नवी_पेठ : मॅडम, माझ्या दुकानात चादरींच्या गठ्ठ्यांमागे वायफाय पोचत नाही. असा फिरणारा बीम राउटरला लावता येतो का ओ?

होटगी_रोड : काका, नंतर सांगते. सपाटच हवा. अंतर ३० मिमी, ५ गिगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी, नियमच आहे की तो. बोर्ड एफआर-४ (नेहमीचा फायबरग्लासचा), १.६ मिमी. सगळं सिम्युलेशनमध्ये.

तरंगलांबी : इथेच घोळ आहे. नियम बँडच्या वरच्या टोकाला लावायचा. ६ला तरंगलांबी ५० मिमी. साइन ४५ म्हणजे ०.७०७, त्यातून ५०/३० वजा करा : उणे ०.९६. लोब उणे ७४च्या आसपास असेल, बघा. या अंतराला ४२ अंशांपुढे तो येणारच. पॅटर्न कलवून थोडा दबेल, जाणार नाही. ६० अंशांसाठी ५० भागिले १.८६६, म्हणजे २६.८ मिमीच्या आत राहा.

एफआर४_नको : आधी बोर्ड बदला. एफआर-४चा लॉस टँजंट (बोर्डात सिग्नल किती वाया जातो ते) ०.०२च्या घरात, रॉजर्स ४३५०बी बोर्डाचा ०.००३७.

तरंगलांबी : त्याने गेन सुधारेल, लोब हलणार नाही.

होटगी_रोड : उणे ७२वर आहे! डायोडांच्या मागे दोन आठवडे गेले हो माझे. अंतर २६ केलं, ६ला लोब गेला. पण आता ४ला बीम ६० अंशांवर नेला की मॅचिंग पार बिघडतंय. एकटा एलिमेंट मात्र एस११ (पोर्टवरून परत येणारा सिग्नल) उणे १२ डीबी, म्हणजे ठीक दाखवतो.

तरंगलांबी : ४ला २६ मिमी म्हणजे जेमतेम ०.३५ तरंगलांबी. शेजारी जवळ आले, कपलिंग (एकाचा सिग्नल दुसऱ्यात शिरणं) वाढलं. एकट्याचा एस११ बघून उपयोग नाही. आठही पोर्ट त्या कोनाच्या फेजसकट चालवा आणि ॲक्टिव्ह एस११ (सगळे चालू असतानाचा) बघून बो-टायची मापं बदला. टोकाच्या दोघांना एकाच बाजूला शेजारी असतो, ते वेगळे वागतात. दोन्ही टोकांना ५० ओमवर बंद केलेला एकेक डमी एलिमेंट ठेवा.

विवाल्डीवाला : फेज शिफ्टर असेल तर अजून एक. ५ला ४५ अंशांवर लावलेला बीम त्याच फेजवर ४ला ६२वर जातो, ६ला ३६वर येतो. फेजऐवजी टाइम डिले लागेल.

तरंगलांबी : हे मात्र खरं.

होटगी_रोड : सध्या फेज प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळी देतेय. डमी लावून रन टाकलाय, लॅबचा पीसी रात्रभर चालेल. लाइट जाऊ नये फक्त.

नवी_पेठ : आणि माझं राउटर?

एफआर४_नको : काका, काउंटरखालून काढून गठ्ठ्यांच्या वर, भिंतीला उंच लावा.