पार्किन्सन्स : नाशिकजवळ राहून तज्ज्ञांचे उपचार कसे चालू ठेवायचे? सल्ला हवा

बागाईतदार_पिंपळगाव
नमस्कार मंडळी. आमच्या नानांना (वय ६८) पार्किन्सन्स आहे. सुरुवातीला फक्त उजवा हात थरथरायचा, सिंडोपाने (लेव्होडोपाची गोळी) छान फरक पडला. आता पुढच्या गोळीची वेळ व्हायच्या आतच असर उतरतो. पाय जमिनीला चिकटतात, उंबऱ्यापाशी तर हमखास. नाशिकचे न्यूरोलॉजिस्ट भले माणूस आहेत, पण बाहेर ही गर्दी. आत गेलं की "कसं काय नाना?" "बरंय" यातच वेळ संपतो. गोळी घेऊनच निघालेलो असतो, त्यामुळे तिथे नाना खरोखरच बरे दिसतात! पाहुणे म्हणतात मुंबईला न्या, पुण्याला न्या. दर महिन्याला एवढा प्रवास त्यांना झेपणार नाही. काय करावं?

गंगापूर_रोड
मुंबईचं केईएम बघा. न्यूरोलॉजीची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून घ्या. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरायचं, तिथून परळ जवळ. संध्याकाळी त्याच गाडीने परत येता येतं.

इंदिरानगरची_सून
दादा, माझ्या सासूबाईंना हाच आजार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुंबई-पुणे दर महिन्याला करायची गरजच नाही. न्यूरोलॉजिस्टमध्येही कंप, ताठरपणा, हालचालींचे विकार यांवरच काम करणारे वेगळे तज्ज्ञ असतात, मूव्हमेंट डिसऑर्डर स्पेशालिस्ट. ते बहुधा मोठ्या शहरांतच मिळतात. त्यांना एकदा नीट दाखवा, गोळ्यांचं वेळापत्रक ठरवून घ्या आणि तुमच्या नाशिकच्या डॉक्टरांच्या नावाने सविस्तर पत्र मागा. रोजचा सांभाळ नाशिकच्याच डॉक्टरांकडे ठेवा. रात्री-अपरात्री ताप आला, पडले, तर धावून तेच येणार आहेत. त्यांना डावलून परस्पर मुंबईला जाऊ नका, "सेकंड ओपिनियन घ्यायचंय, चिठ्ठी द्याल का" असं सरळ विचारा. आमच्या डॉक्टरांनी आनंदाने दिली.

पुढच्या भेटी व्हिडिओ कॉलवर होतात का, तेही पहिल्याच भेटीत विचारा. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार डॉक्टर ऑनलाइन तपासून प्रिस्क्रिप्शन देऊ शकतात, पार्किन्सन्सच्या नेहमीच्या गोळ्या त्यात बसतात.

आता "बरंय"चं औषध. एक साधी वही करा. गोळी कधी घेतली, कधी लागू झाली, कधी उतरली, हात-पाय आपोआप वळवळत होते का, एवढंच. आणि उंबऱ्यापाशी पाय अडकतात तेव्हा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढा, वेळ बोलून. आमच्या डॉक्टरांनी सासूबाईंचा सकाळी सहाचा व्हिडिओ बघितला आणि जागच्या जागी डोसाच्या वेळा बदलल्या. त्याआधी कितीतरी भेटी नुसत्या "चालू ठेवा"वर गेल्या होत्या. वही आणि व्हिडिओ असले की पाच मिनिटंही पुरतात.

गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास द्या. लेव्होडोपा आणि प्रथिनं आतड्यातून शोषली जाण्यासाठी एकाच वाटेवर भांडतात, म्हणून दूध, पनीर, अंडी यांच्याबरोबर घेतलेली गोळी कधी कधी लागूच होत नाही. दूध बंद करू नका, फक्त वेळ हलवा.

शेवटचं, आणि हे मी हात जोडून सांगते. चक्कर येते म्हणून सासूबाईंना एका दवाखान्यात सिनारिझिन दिलं आणि त्या पार जखडल्या. सिनारिझिन, फ्लुनारिझिन, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन या औषधांनी पार्किन्सन्सची लक्षणं वाढतात. ही नावं चिठ्ठीवर लिहून नानांच्या खिशात ठेवा. आणि लेव्होडोपा कुणीही अचानक बंद करू नये. दुसऱ्या कशासाठी ॲडमिट केलं तरी नर्सना गोळीच्या वेळा सांगा, नाहीतर वॉर्डच्या वेळेनुसार देतात.

फिजिओ_सिडको
ताईंनी सगळं बरोबर लिहिलंय. उंबऱ्याबद्दल : दाराच्या अलीकडे-पलीकडे जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा, एका पावलाच्या अंतराने. प्रत्येक रेघ ओलांडायची, तोंडाने "एक-दोन, एक-दोन". पाय अडकला की हात धरून ओढू नका, पडतात. थांबा, वजन एका पायावर घ्यायला सांगा, मग मोठं पाऊल. पिंपळगावातलाच फिजिओ चालेल, पण त्याला पार्किन्सन्सचा पेशंट आहे हे सांगा. नुसतं शेकून देणारा नको. आवाज बारीक झाला असेल किंवा पाणी पिताना ठसका लागत असेल तर स्पीच थेरपिस्टलाही दाखवा, हे फार लोक विसरतात.

बागाईतदार_पिंपळगाव
ठसका लागतोच, पण तो आम्ही वयाचा समजत होतो. फार आभार ताई. वही आजपासून सुरू. मेंदूच्या ऑपरेशनचं काय? एका पाहुण्याने डोक्यात घातलंय.

गंगापूर_रोड
डीबीएस म्हणतात त्याला. मेंदूत बारीक तारा आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी. ज्यांना लेव्होडोपा अजून छान लागू होते पण असर टिकत नाही, आणि ज्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे, त्यांना प्रामुख्याने उपयोग होतो. आजार मुळातून जात नाही. खर्च लाखांत. नाना बसतात की नाही हे त्या तज्ज्ञालाच विचारा, पाहुण्याला नाही.

इंदिरानगरची_सून
पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ जरूर गाठा. शुभार्थी म्हणजे पेशंट आणि शुभंकर म्हणजे त्यांना सांभाळणारे, दोघांसाठी काम करतात, सगळं मराठीत. त्यांची व्याख्यानं यूट्यूबवरही आहेत. नाना बाहेर पडायला लाजत असतील तर आधी घरीच लावून द्या.

आणि दिव्यांग प्रमाणपत्राचं बघा. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे. यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) साइटवर अर्ज करायचा, तपासणी आपल्या सिव्हिलला. जुने रिपोर्ट, आधार, फोटो बरोबर ठेवा. तिथे रांगेत वेळ जातो, म्हणून दुपारची गोळी आणि पाण्याची बाटली पिशवीत असू द्या.

सिन्नरकर
आमच्याही वडिलांना आहे. नाशिकमध्ये महिन्यातून एकदा सगळ्यांनी भेटलो तर? कृषीनगर जॉगिंग ट्रॅकला सकाळी जमता येईल, बसायलाही जागा आहे. कोण कोण येईल ते इथेच लिहा. गाडी माझी आहे, सिन्नर ते नाशिक वाटेवरच्या कुणालाही घेईन.