सातव्या इमारतीची तयारी आधी करावी

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या इमारती आगीने नव्हे, तर आत पेरलेल्या स्फोटकांनी पाडल्या, असे काही जण मानतात. ‘आगीत पोलाद वितळत नाही’ हा त्यांचा आक्षेप खोडून काढला की वाद मिटतो, असे म्हटले जाते; ते मत मला अर्धेच पटते. पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सियस तापमान लागते, पण ६०० अंशांच्या आसपासच त्याची ताकद निम्म्यावर येते. आमच्या भागातला लोहारही ऊसतोडीचा कोयता वितळवून नव्हे, तर लाल करूनच ठोकतो, त्यामुळे हे सांगलीत कोणालाही समजते.

मात्र विश्रामबागेत विद्यार्थ्यांसमोर असा वाद झाला, तेव्हा समोरच्या तरुणाने पोलादाचा विषय काढलाच नाही. विमान न आदळलेली त्याच संकुलातली ४७ मजली सातवी इमारत काही क्षण मुक्तपणे, म्हणजे खालून कसलाही आधार नसल्यासारखी, कशी कोसळली, असे त्याने विचारले. तसे घडलेच नाही, असे मी ठामपणे सांगितले आणि ते चूक होते. त्या मुलांचा विश्वास मी तिथेच गमावला, याची खंत आजही आहे. या कोसळण्याचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी तंत्रज्ञान संस्थेने नोव्हेंबर २००८ च्या अंतिम अहवालात सुमारे सव्वादोन सेकंदांचे मुक्त पतन स्वतःच मान्य केले आहे. सुमारे सात तास विझवल्याविना जळणाऱ्या आगीने आतले मजले आणि ७९ क्रमांकाचा खांब आधीच ढासळला होता, मग बाहेरचे खांब वाकले आणि त्या अवधीत भार पेलायला काही उरलेच नाही, असे तिचे स्पष्टीकरण आहे. वादाला बसण्यापूर्वी ही कबुली आपणच आधी मांडावी.