मदत हवी आहे : मंगल कार्यालयात आई घसरून पडली, कार्यालयवाले हात वर करतायत

नमस्कार मंडळी, इथे वाचत बरीच वर्षं असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलंय थोडं, पण कायद्यातलं कुणी जाणकार असेल किंवा असा प्रसंग कुणावर आला असेल तर प्लीज पूर्ण वाचा.

मे महिन्यात सांगलीजवळ मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. आई (वय ७१, माझ्याकडे पुण्यात असते) जेवून हात धुवायला गेली. बेसिनं हॉलच्या मागे आहेत, तिकडे जायला एक अरुंद बोळ, खाली पॉलिश केलेली कोटा फरशी, आणि भांडी घासणाऱ्या बायकांची जा-ये पण त्याच बोळातून, त्यामुळे साबणाचं पाणी पार दारापर्यंत आलेलं. काथ्याचं पायपुसणं होतं पण ते गुंडाळून भिंतीला टेकवून उभं केलेलं. आई घसरली ती थेट कुशीवर. खुब्याचं हाड मोडलं, त्याच रात्री मिरजेला ॲडमिट, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आत्तापर्यंत दोन लाखांच्या आसपास खर्च झालाय आणि आई अजून वॉकरवर आहे. रोज सकाळी टेकडीवर जाणारी बाई, आता संडासला जायचं तरी मला हाक मारावी लागते आणि हाक मारताना तिला इतकं अवघड होतं की मला बघवत नाही.

मॅनेजरला फोन केला तर म्हणाला, हॉल आम्ही भाड्याने दिला होता, साफसफाई केटररची. केटरर म्हणतो जागा त्यांची, मी फक्त जेवणाचं बघतो. वर पावतीच्या मागे छापलंय की 'आवारात कोणतीही दुखापत अथवा नुकसान झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही'. असं छापलं की विषय संपतो का?

अजून दोन अडचणी. एक, ॲडमिट करताना गडबडीत भाच्याने 'बाथरूममध्ये पडल्या' सांगितलं आणि केसपेपरवर 'घरी पडल्या' असं लागलंय. दुसरं, बुकिंग दाजींच्या नावावर आहे, पैसे त्यांनी भरले, मग आम्ही तक्रार करू शकतो का? आणि आई येईल त्या प्रत्येकाला सांगते की माझंच लक्ष नव्हतं गं. त्याचाही त्रास होईल का?

तिची त्या दिवशीची साडी मी न धुता पिशवीत ठेवलीय, गुडघ्यापर्यंत साबणाचे पांढरे डाग वाळलेत. उपयोग होईल की नाही माहीत नाही, पण टाकवत नाही.

प्रतिसाद १

ताई, आधी आईंना लवकर बरं वाटू दे. मी वकिली करतो, कागद न बघता जेवढं सांगता येतं तेवढं सांगतो.

इंग्लंडमध्ये जागेचा ताबा असणाऱ्याच्या जबाबदारीवर १९५७ चा वेगळा कायदा आहे, आपल्याकडे तसा नाही, आपण निष्काळजीपणाच्या तत्त्वावर चालतो. प्रश्न मालक कोण हा नसतो, त्या वेळी त्या बोळावर ताबा कुणाचा होता आणि काळजी कुणी घ्यायला हवी होती हा असतो. म्हणून तक्रारीत कार्यालय आणि केटरर दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, एकमेकांकडे बोट दाखवायचं ते ग्राहक आयोगापुढे (ग्राहकांच्या तक्रारी तिथे चालतात) दाखवतील.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ज्याने पैसे भरले त्याच्या संमतीने सेवा घेणाराही ग्राहकच, त्यामुळे पाहुणे म्हणून आई तक्रार करू शकतात, दाजींची पावती मात्र लागेल. तक्रार आई जिथे राहतात तिथल्या म्हणजे पुणे जिल्हा आयोगात करता येते, मुदत घटनेपासून दोन वर्षं, आणि सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही.

छापील ओळीने विषय संपत नाही. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलातून १९९८ साली पार्किंगला दिलेली मारुती झेन चोरीला गेली, टॅगवर 'मालकाच्या जबाबदारीवर' छापलेलं होतं, तरी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्वतःच्या निष्काळजीपणातून असं सुटता येत नाही. गाडीची केस आहे, पण तुमच्या वकिलाला मुद्दा उपयोगी पडेल.

खरी लढाई पुराव्याची. आई पडल्या एवढ्याने भागत नाही, पाणी बराच वेळ तिथे होतं आणि त्यांना माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं हे दाखवावं लागेल. त्याआधी कुणी घसरलं होतं का ते शोधा. लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून न कापलेलं शूटिंग मागा. सीसीटीव्हीचं फुटेज आपोआप पुसलं जातं, तेव्हा आजच्या आज स्पीड पोस्टाने पत्र टाका की जे असेल ते जपून ठेवा. केसपेपरवर स्वतः खाडाखोड अजिबात नको, डॉक्टरांना लेखी अर्ज द्या आणि भाच्याचं प्रतिज्ञापत्र करा. आईंचं लक्ष नव्हतं हे धरलं तरी भरपाई कमी होऊ शकते, तेवढ्यावरून दावा जाईलच असं नाही.

प्रतिसाद २

आमचं कार्यालय आहे म्हणून सांगतो, बऱ्याच जणांकडे पब्लिक लायबिलिटीचा, म्हणजे आवारात बाहेरच्या कुणाला इजा झाली तर त्याच्या भरपाईचा, विमा असतो. नोटिशीत त्याचा तपशील लेखी मागा. आणि बेसिनाकडे एक माणूस फक्त पोछा मारायला ठेवायचा असतो, आम्ही सीझनभर ठेवतो, त्याची मजुरी काही फार नसते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार, रडू आलं वाचताना. व्हिडिओवाल्याशी बोलले, त्याच्याकडे सगळं रॉ शूटिंग आहे आणि विहीण पंक्तीच्या शॉटमध्ये मागे ते गुंडाळलेलं पायपुसणं दिसतंय, वेळ १२:४०. आई पडली दोनच्या सुमाराला. एका वाढप्याने मामीला त्याच दिवशी सांगितलं होतं की सकाळपासून या तिसऱ्या, त्याचा नंबर शोधतेय.

पत्र उद्या टाकते. दाजींकडे पावती मागायचीय ते तेवढं जड जातंय, पोरीच्या लग्नाला गालबोट लागलं असं ते आधीच मनाला लावून बसलेत. फोन न करता रविवारी सांगलीला जाऊनच बोलेन. जिल्हा आयोगात वकील न लावता स्वतः तक्रार चालवलेली कुणी आहे का इथे? किती तारखा लागल्या, आईला प्रत्येक वेळी न्यावं लागेल का, तेवढं सांगा.