घाटात ब्रेक मारला की पॅडल थरथरतं, काय करू?

मंडळी, मदत हवी आहे. आमची सात सीटर डिझेल गाडी २०१९ ची, ७८ हजार किमी झालीय. गणपतीला ताम्हिणीमार्गे गुहागरला जायचंय. आई-बाबा, सासूबाई, दोन पोरं, आम्ही दोघं आणि टपावर सामान.

गेल्या महिन्यात माणगावकडे उतरताना ब्रेक दाबला की पॅडल पायाखाली थरथरायला लागलं, स्टिअरिंगही हलत होतं. सपाट रस्त्यावर गार असताना काही नाही. ब्रेक पॅड वर्षापूर्वीच बदललेत. एक मेकॅनिक म्हणतो डिस्क (ब्रेक पॅड जिला आवळतात ती चाकाची तबकडी) लेथ मशीनवर घासून सपाट करून घेऊ, दुसरा म्हणतो नवीनच टाका. घासलेली डिस्क एवढ्या वजनाला टिकते का? ब्रेक ऑइल तीन वर्षांत बदललेलं नाही, ही चूक माझीच.

टायरवर १८१९ छापलंय, म्हणजे २०१९ च्या अठराव्या आठवड्यातले. नक्षी ३ मिमी उरलीय, पण पुढचे दोन्ही आतल्या कडेने जास्त झिजलेत आणि बाजूला बारीक भेगा दिसतात. चारही बदलू की अलाइनमेंट (चाकांचे कोन सरळ) करून हा गणपती काढू? स्टेपनी तर अजून उतरवून पाहिलेलीच नाही.

हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्यात. मेव्हण्याने टूथपेस्टने घासून चकाचक केल्या होत्या, दोन महिन्यांत परत तशाच! त्यात एलईडी बल्ब टाकायचा सल्ला मिळतोय, पण समोरच्याचे डोळे दिपतील असं वाटतं. धुक्यात कोणाला अनुभव आहे का?

बजेट चाळीस हजार. आधी कशाला हात घालू?