मदत हवी आहे: नाशिकमध्ये कोरुगेटेड बॉक्सच्या धंद्यासाठी कोणत्या नेटवर्किंग ग्रुपमध्ये जावं?

अंबड_पॅकेजिंग

नमस्कार मंडळी,

अंबड एमआयडीसीत आमचं कोरुगेटेड बॉक्सचं छोटं युनिट आहे. म्हणजे नालीदार पुठ्ठ्याची खोकी: तीन प्लाय (थर), पाच प्लाय, साधी आणि दोन रंगांत छापलेली. मी आणि नवरा मिळून चालवतो. प्रॉडक्शन त्याच्याकडे, ऑर्डर, हिशेब आणि वसुली माझ्याकडे.

द्राक्षाच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, दिंडोरी-निफाडच्या पॅकहाउसेसमुळे दोन पाळ्या कराव्या लागतात. मे उजाडला की मशीन अर्धा दिवस बंद. कांदा गोणीत जातो, टोमॅटो क्रेटमध्ये जातो, त्यामुळे शेतमालावर सगळं वर्ष निघत नाही. बारमाही गिऱ्हाईक हवं तर ते कारखान्यांतच मिळणार. तिथे आमचा मोठा कस्टमर एकच होता. त्यांनी यंदा पॅकिंग मटेरियलची खरेदी बाहेरगावच्या मुख्य ऑफिसातून करायला घेतली आणि आमची ऑर्डर निम्म्यावर आली. कामगार जुने आहेत, त्यांना हंगामापुरतं ठेवून नंतर काढायचं हे आम्हा दोघांनाही मान्य नाही. म्हणून नवीन कस्टमर शोधायची खरी घाई आहे.

ओळखीच्या एक इंटिरिअर डिझायनर ताई मला त्यांच्या रेफरल ग्रुपच्या मीटिंगला पाहुणी म्हणून घेऊन गेल्या. मोठ्या संस्थेची शाखा नाही, इथल्याच लोकांनी सुरू केलेला ग्रुप आहे; नाव मुद्दाम लिहीत नाही. दर आठवड्याला सकाळी सातला हॉटेलात जमतात. प्रत्येक व्यवसायाचा एकच सभासद. प्रत्येकाने एक मिनिट उभं राहून आपलं काम सांगायचं, मग कोणी कोणाला काय रेफरन्स दिला आणि त्यातून किती धंदा झाला हे वाचून दाखवतात. मला ते आवडलं, हे आधी सांगते. लोक वेळेवर येतात, दुसऱ्याचं ऐकून घेतात, आणि एकट्याने धंदा ओढताना येणारा थकवा तिथे जरा कमी होतो.

पण हॉलभर नजर टाकली तर सीए, विमा सल्लागार, सोलरवाले, डेंटिस्ट, फ्लॅट विकणारे, वेबसाइट बनवणारे. यांपैकी खोकी कुणाला लागतात? एका मिठाईवाल्याला लागतील, तीही वेगळ्या प्रकारची. माझी खोकी घेतो तो कारखान्याचा परचेस मॅनेजर, आणि तो पगारी माणूस सकाळी सातला अशा मीटिंगला कशाला येईल?

प्रवेश फी, वार्षिक वर्गणी आणि दर आठवड्याचा नाश्ता धरला तर आमच्या एका महिन्याच्या वीजबिलाहून जास्त खर्च आहे. शिवाय "बॉक्सची सीट रिकामी आहे, लवकर सांगा, दुसरे एक जण विचारतायत" असे फोन सुरू झालेत.

ज्यांचा माल कारखान्यांनाच जातो अशा कुणाला या ग्रुपमधून काम मिळालंय का? आयमा, निमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांच्या कार्यक्रमांना गेल्याने फरक पडतो का? आणि पैसे भरण्याआधी एखादा ग्रुप आपल्या कामाचा आहे की नाही हे कसं ओळखायचं? सकाळी सातची वेळ मला जड आहे, मुलीची शाळा आणि पहिल्या पाळीची सुरुवात त्याच वेळी असते. पण काम मिळणार असेल तर ते जमवेन.

सातपूरकर

ताई, तुमचं युनिट अंबडला आहे, तर आयमाचं सभासदत्व सगळ्यात आधी घ्या. आमचं सातपूरला मशीन शॉप आहे, जॉबवर्क करतो. आम्हाला जी टिकाऊ कामं मिळाली ती निमातल्या ओळखींतून.

मात्र नुसतं व्याख्यान ऐकून, चहा पिऊन परतलात तर तीन वर्षांत काही होणार नाही. या संस्था औद्योगिक प्रदर्शनं भरवतात, त्यांची तयारी कित्येक महिने चालते. त्या कामात नाव द्या. स्टॉलवाटप असो की कंपन्यांना निमंत्रण देणं असो, त्या निमित्ताने तुम्ही प्लँट हेडला फोन करता तेव्हा काही विकायला फोन केलेला नसतो. पुढे तुमचं कार्ड गेलं की तो ओळखतो. वीज, फायर एनओसी, रस्ते, ईएसआय अशा विषयांवरच्या बैठकांनाही मोठ्या कंपन्यांचे अधिकारी येतात, आणि तिथे ते निवांत बोलतात.

सिन्नर आणि गोंद्याकडे लक्ष आहे का? सिन्नरला माळेगाव एमआयडीसी आणि मुसळगावची सहकारी वसाहत, आणि दुसरीकडे मुंबई हायवेवर गोंद्याचा पट्टा. अंबडहून रोज गाडी पाठवण्याइतकं जवळ आहे.

लेबलप्रिंटर_पुणे

मी सविस्तर लिहितो, कारण आपला खरेदीदार एकच आहे. माझा व्यवसाय स्टिकर आणि बारकोड लेबलांचा. खोक्यावर जे चिकटतं ते मी छापतो. साप्ताहिक रेफरल ग्रुपमध्ये बरीच वर्षं आहे.

ही पद्धत आयव्हन मिझनर यांनी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात बीएनआय ही रेफरल संस्था सुरू करून रुजवली. एका व्यवसायाचा एकच सभासद, ठरलेली वेळ, हजेरीची सक्ती. आज पुष्कळ स्थानिक ग्रुप त्याच धर्तीवर चालतात. हॉलमधल्या लोकांना माल विकणं हा तिचा हेतू नाही. हॉलमधला माणूस रोज कुणाला भेटतो, ते बघायचं. तेव्हा "इथे खोकी कुणाला लागतात" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि "इथला कोण कारखान्याच्या परचेसमध्ये आत-बाहेर करतो" हे शोधा.

तुमच्या बाबतीत असे लोक म्हणजे लेबल आणि टेप पुरवणारे, स्ट्रेच फिल्मवाले, लाकडी पॅलेट करणारे, ट्रान्सपोर्टर, कस्टम हाउस एजंट (आयात-निर्यातीच्या मालाचं कस्टम्सचं काम करणारे), कामगार पुरवणारे कॉन्ट्रॅक्टर, कंप्रेसर दुरुस्त करणारे, कँटीन चालवणारे. यांना गेटपास लागत नाही इतकी ओळख असते. परचेस मॅनेजर वैतागून "या खोकीवाल्याने पुन्हा डिलिव्हरी चुकवली" असं म्हणतो तेव्हा हे समोर बसलेले असतात. मला आजवरची चांगली कामं एका ट्रान्सपोर्टरमुळे आणि एका पॅलेटवाल्यामुळे मिळाली. आमच्या ग्रुपमधल्या डेंटिस्टने प्रेमाने बरेच रेफरन्स दिले, पण ते सगळे पन्नास-शंभर स्टिकरचे.

म्हणून पैसे भरण्याआधी सभासदांची यादी मागा. वर लिहिलेल्यांपैकी चार-पाच जण असतील तर तो ग्रुप तुमचा. एकही नसेल तर सीट रिकामी राहू द्या. आणि ताई, ते घाईचे फोन मनावर घेऊ नका. नाशिकसारख्या शहरात बॉक्सवाल्याला दुसरा ग्रुप मिळत नाही असं होणार नाही.

आणखी दोन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी किती जणांनी वर्गणी पुन्हा भरली? आणि जो आकडा वाचून दाखवतात, त्यातला एक-दोन मोठे फ्लॅट किंवा बंगल्याचे व्यवहार वगळले तर किती उरतं? ग्रुप सोडून गेलेल्या एखाद्या सभासदाशी बोललात तर फार उत्तम. तो जे सांगेल ते पाहुण्यांच्या मीटिंगमध्ये कळत नाही.

गेलात तर त्या एका मिनिटात "कुणाला खोकी लागली तर सांगा" असं म्हणू नका. ऐकणाऱ्याला कुणीच आठवत नाही. एका आठवड्याला एकच मागणं ठेवा: "गोंद्यात ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या स्टोअर किंवा परचेसमधल्या कुणाशी कुणाची ओळख आहे का?" पुढच्या आठवड्याला सिन्नरची औषध कंपनी. नाव आणि हुद्दा जितका नेमका, तितकी लोकांची स्मरणशक्ती चालते. जमलं तर सोबत एक खोकं न्या, पुठ्ठा ओला करून दाखवा, कागदाचा बीएफ (बर्स्ट फॅक्टर, म्हणजे दाबाखाली न फाटण्याची ताकद) बदलला की काय फरक पडतो ते दाखवा. लोक ते लक्षात ठेवतात.

वेळेचं म्हणाल तर बऱ्याच ग्रुपमध्ये आपल्याऐवजी दुसऱ्याला पाठवता येतं. नवरा आलटून-पालटून आला तर चालेल का, हे आधी विचारा.

ठाण्याची_मसालेवाली

सॅटर्डे क्लबचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते. माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी सुरू केलेली संस्था. "एकमेकां साहाय्य करू, अवघे होऊ श्रीमंत" हे तिचं ब्रीद. तिथे मराठीत बोलता येतं, आणि नव्याने उभं राहून बोलणाऱ्या बाईला त्याने किती धीर येतो ते मी अनुभवलंय. माझा माल दुकानांना जातो, त्यामुळे कारखान्यांच्या ऑर्डरबद्दल मी सांगू शकणार नाही. तुमच्या जवळच्या शाखेत पाहुणी म्हणून जाऊन या आणि वरच्या प्रतिसादात सांगितलेली कसोटी तिथेही लावा.

सीए_कोथरूड

ओळखीतून आलेल्या ऑर्डरबद्दल थोडं कळकळीने सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्या वसुलीच्या तक्रारींत अशा ऑर्डर पुष्कळ असतात. "आपल्याच ग्रुपमधले आहेत" म्हणून पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) घेतला जात नाही, मुदत ठरत नाही, आणि पैसे अडकले की मागायचा संकोच वाटतो. तुमचा कागदाचा पुरवठादार मात्र तुमच्यासाठी थांबत नाही.

एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या मालाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. हे संरक्षण उत्पादकाला आहे, म्हणजे तुम्हाला आहे. उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योगाची नोंदणी) क्रमांक प्रत्येक बिलावर छापा आणि पहिल्या ऑर्डरपासून पीओ घ्या. पाहुण्यासारखं वागून सुरुवात केली की पुढे नियम लावता येत नाहीत.

अंबड_पॅकेजिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. लेबलप्रिंटर दादा, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

त्या ग्रुपकडून सभासदांची यादी घेतली. ट्रान्सपोर्टर आहे, तो मुख्यतः घरसामान हलवतो. कस्टम हाउस एजंट नाही, पॅलेटवाला नाही, कँटीनवाला नाही. तिथल्या ताईंना फोन करून स्पष्ट सांगितलं की सध्या जमणार नाही. त्यांनी समजून घेतलं. आयमाचा फॉर्म आणला आहे आणि प्रदर्शनाच्या कामात नाव देणार आहे. सॅटर्डे क्लबच्या मीटिंगलाही जाऊन येईन.

यादी वाचताना एक सुचलं. आमच्याकडे रोज येणारा टेपवाला आणि शेजारच्या गाळ्यातला पॅलेटवाला हे दोघं मी आजवर शेजारी म्हणूनच बघितले. असे सहा-सात जण महिन्यातून एकदा, संध्याकाळी, कुणाच्या तरी शेडमध्येच बसलो आणि कुठल्या कंपनीत कोण परचेसला आहे याची देवाणघेवाण केली तर? फी नाही, हॉटेल नाही. कुणी असं केलंय का?

सातपूरकर

आम्ही करतो. फक्त दोन गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवा: एका कामाचा एकच माणूस, आणि कस्टमरचे दर बाहेर काढायचे नाहीत. दर बोलायला लागलात की ग्रुप मोडतो.

अजून एक. नाशिकला विमानं बनवणारी सरकारी कंपनी एचएएल आहे, नाशिकरोडला नोटांचा छापखाना आणि सिक्युरिटी प्रेस आहे. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के भाग सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा असा नियम आहे, आणि त्यातले ३ टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांसाठी. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नोंदणी करा, आणि एमएसएमई खात्याचा व्हेंडर डेव्हलपमेंट कार्यक्रम जवळपास कुठेही असला तर चुकवू नका. तिथे खरेदी अधिकारी स्वतः येतात आणि काय घेतात ते सांगतात. तुम्ही शोधताय तो परचेसवाला त्या हॉलमध्ये नक्की असतो. तारखा जिल्हा उद्योग केंद्रात कळतील.

अंबड_पॅकेजिंग

हे अजिबात माहीत नव्हतं! आमची भागीदारी फर्म आहे, नवरा आणि मी निम्मे-निम्मे. महिलांच्या मालकीची धरतील का?

सीए_कोथरूड

नाही. भागीदारीत महिलांचा वाटा किमान ५१ टक्के लागतो. डीड (भागीदारीचं करारपत्र) बदलता येतं, पण मग बँक, जीएसटी, उद्यम, रजिस्ट्रार ऑफ फर्म्स, सगळीकडे कळवावं लागेल, आणि कर्ज चालू असेल तर बँकेशी आधी बोलावं लागेल. २५ टक्क्यांचा सर्वसाधारण लाभ तुम्हाला आजही आहे, त्यासाठी काहीच बदलायला नको. तेव्हा आधी जेमवर जाऊन तुमच्या मापाच्या खोक्यांना मागणी किती येते ते दोन-तीन महिने बघा. मागणी दिसली तर डीड घेऊन तुमच्या सीएंकडे जा.