शेंगेवरून झाड ओळखलंय कधी? (अनुभव धागा)

गेल्या माघात भीमाशंकरच्या रानात एक शेंग सापडली. हातभर लांब, चार बोटं रुंद, चपटी, तलवारीच्या म्यानासारखी. वर झाड पाहिलं तर एक पान नाही, नुसत्या शेंगा लोंबताहेत. आता ओळखायचं कशावरून? शेंग उकलली तर आत पापुद्र्यांची चळत: मधे चपटं बी, भोवती कांद्याच्या सालीसारखा पंख. फुंकर मारली की गिरक्या घेत जायचं. वाटेतल्या एका आजोबांनी लांबूनच सांगितलं, "टेटू हाय त्यो." दशमुळातला टेटू तो हाच. काढ्याच्या बाटलीवर नाव कितीदा वाचलं होतं!

तुमचेही किस्से येऊ द्या. फसलेले आधी.

---

माझं उलटं झालं. मुरुडशेंग लहानपणापासून माहीत, आजी बाळघुटीसाठी सहाणेवर उगाळायची. पण ती कुठल्या झाडाला लागते, हे कधी विचारलंच नाही. चाळिशीत कोकणात एका झुडपावर विटकरी लाल फुलं दिसली, शिळी झालेली निळसर पडलेली. नाव येईना. मग खालच्या फांदीवर पीळ दिलेल्या दोरीसारखी हिरवी शेंग दिसली आणि थेट सहाणच आठवली.

---

वेलीवर तपकिरी, मखमली, इंग्रजी एससारख्या वळलेल्या शेंगा. छान दिसल्या म्हणून तोडल्या. खाजकुइली. पुढचं लिहीत नाही.

---

कुड्यात माझा नेहमी गोंधळ व्हायचा. पांढरा आणि काळा, दोघांची फुलं पांढरी, दोघांना चीक. शेंगांनी सोडवलं. दोन्हीकडे जोडीनंच लोंबतात, पण काळ्या कुड्याच्या दोघी टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पिकून उकलेपर्यंत. पांढऱ्याच्या सुट्या. कडू इंद्रजव म्हणजे पांढऱ्याचं बी. (चाखून खात्री करू नका. गुंजेचं लालकाळं बीही शेंगेतूनच येतं, आणि ते विषारी असतं.)

---

इलिनॉयमधून लिहितेय. इथे आलो त्या पहिल्याच वर्षी रस्त्याकडेच्या झाडावर शेवग्याच्या शेंगा! अगदी तशाच लांब, बारीक. नवऱ्याने चार तोडून आणल्या, मी डाळ शिजायला लावली. चिरायला घेतली तर गर नाहीच, आत चपट्या बिया आणि दोन्ही टोकांना पांढऱ्या केसांचे झुपके. शेवग्याच्या बीला तीन पंख असतात, एवढं मला ठाऊक होतं. शेजारच्या आजी हसून म्हणाल्या, कटाल्पा. तुमच्या टेटूच्याच कुळातला निघाला, हे नंतर वाचलं. त्या दिवशी साधं वरण झालं.